पेशी आणि तिचा परिसर : मुंबईच्या कर्करोग-संशोधनातील एक धागा

१

कर्करोगविषयक संशोधनाचा इतिहास बहुधा एकाच दिशेने लिहिला जातो. प्रथम रोगी, मग त्याच्या शरीरातील गाठ, मग गाठीतील पेशी, मग पेशीतील केंद्रक आणि अखेरीस केंद्रकातील जनुक, अशा पायऱ्या उतरत संशोधक आत आत गेला आणि प्रत्येक पायरीगणिक सत्याच्या अधिक निकट पोचला, असा या मांडणीचा आशय असतो. ही मांडणी खोटी नाही. तथापि तीत एक प्रश्न मागे राहून जातो. पेशी कोठे राहते, तिच्या शेजारी कोण आहे, तिच्या पायाखालची भूमी कशी आहे, हा तो प्रश्न होय. गेल्या काही दशकांत हाच प्रश्न पुन्हा अग्रभागी आला आहे. आणि तो येण्याचे एक मोठे कारण असे की, काचेच्या बशीत कर्कपेशी मारणारी औषधे रोग्याच्या शरीरात अनेकदा निष्प्रभ ठरली.

'परिसर' हा शब्द प्रस्तुत लेखात दोन अर्थांनी येईल. एक माणसाचा परिसर : त्याचा आहार, वेष, व्यसने, व्यवसाय. दुसरा पेशीचा परिसर : तिच्याभोवतीचे तंतू, रक्तवाहिन्या, शेजारच्या पेशी, प्राणवायू, शरीरद्रव. हे दोन विषय सामान्यतः दोन निरनिराळ्या शाखांचे मानले जातात. मुंबईच्या संशोधन-परंपरेत मात्र या दोहोंची गाठ एका रोगात पडलेली आढळते, आणि तो रोग आपल्या मराठवाड्यास चांगलाच परिचित आहे. हा धागा उलगडून दाखविणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

पेशीच्या परिसराचा विचार प्रथम स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय इंग्लंडातील शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांस दिले जाते. १८८९ मध्ये त्यांनी स्तनाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. दुय्यम गाठी कोणत्या इंद्रियात किती, हे त्यांना पाहावयाचे होते. यकृतात त्या २४१ वेळा आढळल्या, तर प्लीहेत अवघ्या १७ वेळा. प्लीहेसही रक्ताचा पुरवठा विपुल असतो. तेव्हा रक्ताबरोबर पेशी वाहत जातात आणि अडकतील तेथे वाढतात, एवढ्याने या अंतराचा उलगडा होत नव्हता. वनस्पतीची बीजे चहूकडे विखुरतात, परंतु अनुकूल भूमीवर पडलेलीच रुजतात, हा दृष्टान्त त्यांनी योजिला. बीजाचा अभ्यास करणारे पुष्कळ आहेत. भूमीच्या गुणधर्मांकडेही पाहिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

हा विचार त्या काळी रुजला नाही. जेम्स ईविंग यांच्यासारख्या अधिकारी विकृतिशास्त्रज्ञाने रक्त व लसीका यांच्या प्रवाहावरच दुय्यम गाठींचा अर्थ लावला, आणि पुढील अर्धशतक तोच मतप्रवाह बलवत्तर राहिला. पॅजेट यांचे प्रतिपादन एक सुंदर उपमा म्हणून उद्धृत होत राहिले. प्रयोगाचा विषय ते फार उशिरा झाले.

३

मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांच्याकडे आली. गोमंतकीय कुळातील खानोलकरांनी लंडन विद्यापीठात विकृतिशास्त्राची पदवी घेतली होती, आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून अध्यापन केले होते. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली, तेव्हा त्याचे पहिले संचालकही तेच झाले.

खानोलकरांपुढील सामग्री युरोपीय रुग्णालयांतील सामग्रीहून भिन्न होती. पाश्चात्त्य ग्रंथांत दुर्मिळ म्हणून वर्णिलेला मुखाचा कर्करोग येथे रोजच्या रोज समोर येत होता. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने 'रूढींशी संबद्ध' अशा कर्करोगाच्या तीन भारतीय प्रकारांचे वर्णन केले. कमरेस धोतर जेथे घट्ट आवळले जाते तेथील त्वचेचा कर्करोग हा एक. पेटलेले टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूचा दुसरा. चुना लावलेली तंबाखू खालच्या ओठामागे धरून ठेवणाऱ्यांस त्याच जागी होणारा तिसरा.

या निरीक्षणाचे महत्त्व केवळ सामाजिक नाही. तिन्ही प्रकारांत रोगाची जागा ठरलेली आहे. धोतराचा काच कमरेच्या त्वचेवर वर्षानुवर्षे पडतो. प्रथम ती जाड होते, तिचा रंग बदलतो, आणि कर्करोग दिसतो तो या दीर्घ पूर्वपीठिकेनंतर. धोतरात कोणतेही विशिष्ट विष नाही. आहे तो सततचा घर्षणाघात आणि त्याने पालटलेली त्वचा. खानोलकरांनी पेशीच्या परिसराचा सिद्धान्त मांडला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; त्यांची भाषा रूढींची व सवयींची होती. परंतु रोगाचे बीज ज्या भूमीत पडते ती भूमी माणसाची सवय हळूहळू तयार करते, ही शक्यता त्यांच्या सामग्रीतच अंतर्भूत होती.

१९५३ मध्ये शिकागो येथील स्लॉटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७८३ मुखकर्करोगग्रस्तांच्या ऊतकांचे परीक्षण करून असे दाखविले की, गाठीभोवतीचे वरकरणी निरोगी आवरणही विकृत असते. तेव्हा रोग एका बिंदूपुरता नसून एका क्षेत्राचा असतो, या निष्कर्षास अन्यत्रही पुष्टी मिळाली.

४

याच सुमारास मुंबईत आणखी एक रोग वैद्यांच्या नजरेत भरू लागला. रुग्ण सांगे की तिखट खाल्ले की तोंडाची आग होते. पुढे गालाचे आतील अस्तर फिकट, पांढुरके व ताठ होई. बोटाने चाचपले असता त्याखाली दोऱ्यांसारखे पट्टे लागत. तोंड उघडणे कमी कमी होत जाई. अखेर घास घेणेही कठीण होई. श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांत या विकाराचे वर्णन केले. १९५३ मध्ये मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी त्यास 'सबम्यूकस फायब्रोसिस' हे नाव दिले. श्लेष्मल त्वचेखालील तंतुमयता, असा त्याचा अर्थ. १९५६ मध्ये टाटा रुग्णालयातील डॉ. पेमास्टर यांनी गालाच्या कर्करोगाच्या ६५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध करताना या विकाराचा कर्करोगाशी असलेला संबंध निदर्शनास आणला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने हा विकार अत्यंत बोधप्रद आहे. कर्करोग उद्भवतो तो गालाच्या अस्तराच्या वरच्या थरातील पेशींत. परंतु या विकारात ठळक बिघाड दिसतो तो त्या थराखाली, संयोजी ऊतकात. तेथे कोलॅजनाचे तंतू साचतात व परस्परांस घट्ट जखडले जातात, आणि रक्तवाहिन्या आकुंचित होतात. पॅजेट यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे बीजाआधी भूमी पालटते.

भारतीय कर्करोग संशोधन केंद्रातील डॉ. सत्यवती सिरसाट यांनी खानोलकरांसमवेत याच भूमीवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक रोखला. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी विशिष्ट आहारावर ठेवून आधी सिद्ध केलेल्या उंदरांच्या टाळूस मिरचीतील तिखट द्रव्याचा, म्हणजे कॅप्सायसिनाचा, लेप दिला व तंतुमयता उत्पन्न करून दाखविली. त्यांचा रोख मिरचीवर होता. पुढील संशोधनाने दोष प्रामुख्याने सुपारीकडे गेला. परंतु कारण चुकले म्हणून दृष्टी चुकली असे होत नाही. अस्तराच्या पेशीखाली काय घडते आहे, हे पाहण्याचा आग्रह येथे प्रयोगरूपाने सिद्ध झाला होता; आणि आहाराने आधीच दुर्बळ झालेल्या ऊतकावर क्षोभक द्रव्याचा परिणाम निराळा होतो, ही कल्पनाही प्रयोगाच्या रचनेतच होती.

या विकाराची परिणती किती जणांत कर्करोगात होते, याचे विश्वसनीय मोजमाप करावयास दीर्घ काळ लागला. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात ६६ रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा करण्यात आला. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी ७·६ टक्के रुग्णांत कर्करोग उद्भवला.

५

येथे त्याच केंद्रातील दुसऱ्या एका परंपरेकडे वळले पाहिजे, कारण तिनेच आपल्या विषयास नवी साधने दिली व नवी अडचणही निर्माण केली. डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) या मूळच्या पुण्याच्या, हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. नंतर अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतील पेशींपासून 'हेला' हा पेशीवंश सिद्ध झाला. तो आजही जगभर वाढविला जातो. मायदेशी परतल्यावर रणदिवे यांनी मुंबईच्या केंद्रात भारतातील पहिली ऊतक-संवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या संचालक होत्या.

काचपात्रात पेशी वाढविण्याच्या तंत्राने कर्करोग-संशोधनाचे रूप पालटले. प्राण्याच्या शरीरात महिने लागावेत ते प्रयोग आठवड्यात होऊ लागले. एकाच वंशाच्या पेशी निरनिराळ्या प्रयोगशाळांत तपासता येऊ लागल्या. शेकडो औषधांची छाननी शक्य झाली; अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९० मध्ये ६० मानवी पेशीवंशांचा संच याच कामासाठी सिद्ध केला. परंतु हे सर्व ज्या कृतीने साधले तिच्याकडे लक्ष दिले पाहिजे. पेशीस तिच्या भूमीतून उपटावे लागले. काचपात्रातील पेशी सपाट पृष्ठावर एका थरात पसरते. तिच्याखाली तंतूंचे जाळे नसते, शेजारी परक्या प्रकारची पेशी नसते, रक्तवाहिनीपासूनचे अंतर नसते. तिला हवेतील प्राणवायू मुबलक मिळतो. शरीरातील ऊतकांत त्याचे प्रमाण याहून पुष्कळ कमी असते.

रणदिवे यांना या मर्यादेची जाणीव नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. काचपात्राबरोबरच उंदरांच्या वंशांवरील त्यांचे काम अखेरपर्यंत चालू होते. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके व दुधातून संक्रमित होणारा विषाणू यांचा संबंध कसा पोचतो, हा त्यांचा प्रिय प्रश्न होता. आणि या प्रश्नाचे उत्तर एकट्या पेशीत सापडणारे नव्हते. १९७६ व १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपारी, तंबाखू व विडा यांचा परिणाम प्राण्यांवर तपासला. त्यांपैकी हॅमस्टरांवरील प्रयोग पान खाणे व मुखकर्करोग यांच्या संबंधाविषयीचे होते. खानोलकरांच्या 'रूढी' अशा रीतीने त्यांच्या शिष्येच्या हस्ते प्रयोगशाळेत आल्या.

६

काचपात्राने सांगितलेले शरीरात का उतरत नाही, या प्रश्नाचे काही धडे इतरत्रच्या प्रयोगांतून मिळाले.

प्राणवायूविषयीचा धडा सर्वांत आधीचा. १९५५ मध्ये इंग्लंडात टॉमलिन्सन व ग्रे यांनी फुप्फुसाच्या गाठींचे छेद तपासून असे दाखविले की, रक्तवाहिनीपासून सुमारे ०·१८ मिलिमीटरपलीकडील पेशी प्राणवायूअभावी मरतात. त्या मृत भागाच्या सीमेवरील पेशी गुदमरलेल्या परंतु जिवंत असतात; आणि अशा पेशींस मारण्यास जवळजवळ तिप्पट किरणोत्सार लागतो. पेशी तीच, जागा बदलली की उपचाराचे माप बदलते.

परिसर आणि जनुक यांच्या संबंधाविषयीचा धडा मिना बिसेल यांच्या प्रयोगशाळेतील आहे. कोंबडीच्या पेशींत कर्करोग उत्पन्न करणारा राउस विषाणू त्यांनी कोंबडीच्या गर्भात टोचला. १९८४ मध्ये त्यांनी जाहीर केले की, विषाणूचे जनुक कार्यरत असूनही गर्भात गाठ झाली नाही. परंतु त्याच पेशी काढून काचपात्रात ठेवताच त्या कर्कपेशींसारख्या वागू लागल्या. पुढे १९९७ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी स्तनाच्या कर्कपेशी भोवतालच्या द्रव्याशी ज्या इंटेग्रिन नामक रेणूंनी जोडल्या जातात, त्यांपैकी एकास प्रतिपिंडाने रोखले. तेव्हा त्रिमितीय संवर्धनातील त्या पेशींनी निरोगी ग्रंथीसारखी रचना धारण केली. जनुकांतील दोष तसेच राहिले, वर्तन पालटले.

औषधाविषयीचा धडा आपल्या विषयास सर्वांत जवळचा आहे. बोस्टन येथे बेव्हर्ली टायकर व सहकाऱ्यांनी उंदरांतील स्तनाच्या गाठींवर सिसप्लाटिन, सायक्लोफॉस्फमाइड इत्यादी औषधे पुनःपुन्हा देऊन त्या गाठी औषधांस दाद न देणाऱ्या बनविल्या. त्यांतील पेशी काढून काचपात्रात वाढविल्या, तेव्हा त्या त्याच औषधांनी नेहमीप्रमाणे मेल्या. पुन्हा उंदराच्या शरीरात घातल्या, तेव्हा पुन्हा औषधास जुमानेनाशा झाल्या. हा निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. १९९३ मध्ये टोरांटोच्या रॉबर्ट कर्बेल यांच्या गटाने याच पेशी सपाट थराऐवजी गोलकाच्या रूपाने वाढविल्या. आणि काचपात्रात नाहीसा झालेला प्रतिरोध पुन्हा प्रकट झाला. प्रतिरोध एकेकट्या पेशीत नव्हता. तो त्यांच्या परस्परांस बिलगून राहण्यात होता. औषधाची परीक्षा घेणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेस हा प्रयोग विचार करावयास लावणारा आहे.

शेजारच्या निरोगी पेशीही निष्क्रिय नसतात, हे २०१२ मध्ये अधिक स्पष्ट झाले. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावरील एका लक्ष्यवेधी औषधास कर्कपेशी दाद देत होत्या. परंतु शेजारी फायब्रोब्लास्ट नावाच्या तंतुजनक पेशी ठेवताच, त्यांनी स्रवलेल्या एका वृद्धिकारक द्रव्यामुळे कर्कपेशी औषधातून निभावल्या.

७

आता पुन्हा सुपारीकडे येऊ. सुपारीतील अरेकोलिन हे द्रव्य तंतुजनक पेशींस अधिक कोलॅजन निर्माण करण्यास प्रवृत्त करते, असे १९८० नंतरच्या प्रयोगांत दिसून आले. सुपारीत तांब्याचे प्रमाणही लक्षणीय असते. आणि कोलॅजनाचे तंतू परस्परांस जखडणाऱ्या लायसिल ऑक्सिडेज या विकरास तांब्याची आवश्यकता असते. २००९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी, स्तनाच्या गाठी होणाऱ्या उंदरांत हेच विकर भोवतालचे ऊतक ताठ करते आणि त्या ताठपणामुळे पेशींची कर्करोगाकडील वाटचाल वेग घेते, असे दाखविले. तेव्हा सिरसाट व खानोलकर ज्या तंतूंकडे पाहत होते, त्यांचा प्रश्न निराळ्या इंद्रियात व निराळ्या देशात नव्या रूपाने पुन्हा विचारला गेला, असे म्हणावयास हरकत नाही. तंबाखूविना खाल्लेल्या सुपारीसही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कर्कजनक ठरविले.

२०१३ मध्ये टाटा स्मारक केंद्रातून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या कथेस एक अनपेक्षित वळण दिले. तंतुमयतेच्या पार्श्वभूमीवर उद्भवलेला मुखकर्करोग तरुण वयात होतो. परंतु त्यातील पेशी तुलनेने कमी विकृत असतात व मानेतील लसीकाग्रंथींत त्याचा प्रसारही कमी आढळतो, असा त्याचा निष्कर्ष होता. ताठ भूमी रोगास जन्म देते, आणि कदाचित त्याच्या प्रसारास अडथळाही करते. असाच इशारा स्वादुपिंडाच्या कर्करोगानेही दिला आहे. गाठीभोवतीचे दाट तंतुमय ऊतक औषधास अडविते, म्हणून ते नाहीसे करावे, ही कल्पना २००९ मध्ये उंदरांत आशादायक वाटली. रोग्यांवरील परीक्षेत ती उतरली नाही, आणि २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की, ते ऊतक घटविल्यास गाठ अधिक उग्र होते. परिसर हा शत्रूचा केवळ तट आहे असे समजणे म्हणूनच घातक होय. तो कोठे आश्रय देतो व कोठे आवर घालतो, हे प्रत्येक इंद्रियापुरते पाहावे लागते. जनुकांतील दोषांचे महत्त्वही याने उणे होत नाही. बीजावाचून नुसती भूमी रोग उत्पन्न करीत नाही.

८

या इतिहासाचा आपणांशी संबंध दुहेरी आहे.

पहिला आपल्या प्रदेशाचा. छत्रपती संभाजीनगर येथे लोकसंख्याधिष्ठित कर्करोग-नोंदणी १९७८ पासून आहे. २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालयही आहे. येथील पुरुषांच्या कर्करोगांत मुखाच्या कर्करोगाचे स्थान मोठे आहे. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली. सुपारीची सवय मात्र गेलेली नाही, आणि पूर्वी खाल्लेल्या सुपारीचा परिणाम बंदीने पुसला जात नाही. खाणे सोडले तरी गालातील ताठपणा बहुधा पूर्ववत् होत नाही. ज्याचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, त्याच्या तोंडाची तपासणी, भूल व शस्त्रक्रिया या सर्वच गोष्टी अवघड होतात. अशा माणसास अद्याप कर्करोग झालेला नसतो. म्हणून कर्करोगाच्या नोंदवहीत त्याचे नाव येत नाही. वस्तुतः बदललेली भूमी घेऊन तो आपल्यामध्ये वावरत असतो. अशा व्यक्तींची नोंद ठेवणे व वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा करणे हे काम एर्नाकुलममध्ये १७ वर्षे होऊ शकले. येथेही ते अशक्य नाही.

दुसरा संबंध आपल्या प्रयोगशाळांचा. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून पेशीवंश आणतो, एखाद्या वनस्पतीचा अर्क त्यावर घालतो, पेशी मेलेल्या मोजतो आणि प्रबंधात त्या अर्कास कर्करोगरोधक म्हणतो. हे श्रम वाया जातात असे आम्हांस म्हणावयाचे नाही. परंतु त्या निष्कर्षाची मर्यादा ठरलेली आहे : विशिष्ट पेशी, सपाट पृष्ठावर, भरपूर प्राणवायूत, शेजाऱ्यावाचून, इतक्या तासांत मेल्या. एवढेच विधान त्या प्रयोगाने सिद्ध होते. तोच अर्क पेशीगोलकावर, तंतुजनक पेशींच्या सान्निध्यात किंवा कोलॅजनाच्या जाळ्यात घालून पाहिला तर प्रयोगाचे मोल पुष्कळ वाढेल. आणि यास लागणारी सामग्री आता विद्यापीठीय विभागाच्या आवाक्याबाहेरची राहिलेली नाही. तेही शक्य नसेल तर प्रबंधात पेशींचा परिसर निदान तपशीलवार नोंदविला जावा.

खानोलकरांच्या पिढीजवळ आजची साधने नव्हती. त्यांच्याजवळ होते ते परळच्या रुग्णालयात रोज येणारे रोगी, आणि त्या रोग्यांस विचारलेले साधे प्रश्न : काय खाता, तंबाखू कोणत्या गालात धरता, धोतर कसे नेसता. गाठ जेथे होती तेथे ती का झाली, हे त्यांनी त्या उत्तरांवरून शोधले. हाच प्रश्न आज पेशीस विचारावयाचा आहे.